सौरवादळ येतं हे सगळे सांगतात, पण ते शमतं कसं? उत्तर आहे इलेक्ट्रॉनच्या पळवापळवीत

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गळीत हंगाम सुरू झाला की एक शब्द हमखास कानावर पडतो, पळवापळवी. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा अशी कारखान्यांची रांगच या भागात आहे. ऊस उभा असतो एकाच्या कार्यक्षेत्रात आणि पडतो दुसऱ्याच्या गव्हाणीत. ज्याला ऊस कमी पडतो, तो शेजारच्या हद्दीतून उचलतो. साधा हिशेब.

अशीच एक पळवापळवी पृथ्वीभोवती, दहा हजार ते साठ हजार किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात, रात्रंदिवस चालू असते. तिथे पळवला जातो तो इलेक्ट्रॉन. पळवणारा असतो आयन आणि ज्याच्याकडून पळवला जातो तो असतो अणू. भौतिकशास्त्रात याला ‘इलेक्ट्रॉन कॅप्चर’ किंवा ‘चार्ज एक्स्चेंज’ म्हणतात.

ऐकायला ही अगदी पुस्तकी गोष्ट वाटते. पण सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीभोवती किती तास किंवा किती दिवस टिकणार, हे बऱ्याच अंशी या पळवापळवीवर ठरतं. वादळ येणार म्हटलं की मोबाइलवर रील्सचा पाऊस पडतो. ते ओसरतं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. तेच समजून घेऊ.

आधी आयन म्हणजे काय?

अणूच्या मध्यभागी धनभार असलेलं केंद्रक आणि भोवती ऋणभार असलेले इलेक्ट्रॉन, हे शाळेत शिकलेलं असतं. दोन्ही भार सारखे असले की अणू तटस्थ राहतो. त्यातला एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला की हिशेब बिघडतो आणि अणूवर धनभार उरतो. हा झाला धन आयन.

सगळ्यात सोपं उदाहरण हायड्रोजनचं. त्याच्याकडे एकच प्रोटॉन आणि एकच इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन गेला की उरतो नुसता प्रोटॉन. म्हणजे हायड्रोजनचा आयन म्हणजेच प्रोटॉन.

आता समजा, असा एक प्रोटॉन वेगाने चाललाय आणि वाटेत त्याला हायड्रोजनचा एक तटस्थ अणू भेटला. ‘टक्कर’ म्हटलं की दोन गोट्या एकमेकांवर आदळल्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही होत नाही. प्रोटॉन फक्त जवळून जातो. त्या क्षणभरात अणूतल्या इलेक्ट्रॉनवर दोन बाजूंनी ओढ असते. एक आपल्या जुन्या केंद्रकाची, दुसरी या पाहुण्याची. कधी कधी इलेक्ट्रॉन पाहुण्याबरोबर निघून जातो.

परिणाम काय? वेगात असलेला प्रोटॉन आता हायड्रोजनचा तटस्थ अणू झाला. आणि जो आरामात बसलेला अणू होता, तो संथ प्रोटॉन होऊन मागे राहिला. दोघांचा वेग जवळपास होता तसाच, फक्त भाराची अदलाबदल झाली. पुढची सगळी गोष्ट याच एका वाक्यावर उभी आहे.

पळवापळवीचे दोन नियम

पहिला नियम भावाचा. दोन कारखान्यांचा दर आणि तोड मिळण्याची वेळ सारखी असेल, तर ऊस इकडे जावो की तिकडे, शेतकऱ्याला फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच. जुन्या घरात त्याची जितकी ऊर्जा होती, जवळपास तितक्याच ऊर्जेची जागा नव्या घरात मिळाली, तर तो सहज जातो. प्रोटॉन आणि हायड्रोजन यांच्यात हा भाव अगदी तंतोतंत जुळतो, कारण दोन्हीकडे केंद्रक एकच आहे, प्रोटॉन. म्हणून ही जोडी पळवापळवीत पुढे असते.

दुसरा नियम वेगाचा. चालत्या एसटीत चढायचं तर माणूस गाडीच्या वेगाने थोडा पळतो आणि मग दांडा धरतो. गाडी सुसाट असेल तर दांडा हाती लागत नाही. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला साधारण २,२०० किलोमीटर असतो. बारामती ते इंदापूर हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हा इलेक्ट्रॉन एका सेकंदात बारामती-इंदापूर अशा बावीस-एक येरझाऱ्या घालेल. येणारा प्रोटॉन यापेक्षा हळू असेल तर इलेक्ट्रॉन सहज हाती लागतो. त्याचा वेग याच्या पुढे गेला की शक्यता धाडकन खाली येते.

किती खाली? प्रोटॉनची ऊर्जा १० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टवरून १ लाखावर नेली, तर वेग तिपटीने वाढतो, पण इलेक्ट्रॉन हाती लागण्याची शक्यता पन्नास पटींहून जास्त घटते. त्याहीपुढे, फार मोठ्या वेगांच्या टप्प्यात तर वेग नुसता दुप्पट केला की शक्यता दोन हजार पटींहून अधिक कमी होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ एल. एच. थॉमस यांनी १९२७ मध्ये या वेगवान टप्प्याचं गणित मांडलं. त्यांच्या मते इलेक्ट्रॉनला एक नाही, लागोपाठ दोन धक्के बसावे लागतात. पहिला पाहुण्या आयनाकडून, दुसरा जुन्या केंद्रकाकडून. दुसऱ्या धक्क्यानंतर त्याची दिशा आणि वेग आयनाशी जुळतो आणि दोघं बरोबर निघतात. ही दोन धक्क्यांची खूण प्रयोगात स्पष्ट दिसायला १९८३ साल उजाडलं.

नाव सारखं, गोष्ट वेगळी

गूगलवर ‘इलेक्ट्रॉन कॅप्चर’ शोधलं की बहुतेक वेळा दुसरीच माहिती समोर येते. त्यात अणूचं केंद्रक स्वतःच्याच आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन गिळतं आणि एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. ती किरणोत्सर्गाची गोष्ट आहे. तिथे मूलद्रव्यच बदलतं. इथे केंद्रकाला धक्काही लागत नाही. हायड्रोजन हायड्रोजनच राहतो, फक्त इलेक्ट्रॉनचा मालक बदलतो. परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

पृथ्वीभोवतीची अदृश्य कडी

आता वादळाकडे वळू. सूर्याकडून भारित कणांचा वारा सतत वाहत असतो. कधी कधी सूर्य या कणांचा मोठा लोट एकदम फेकतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला आणि त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली, तर बरीच ऊर्जा आत शिरते. या गडबडीत प्रोटॉन आणि ऑक्सिजनचे आयन विषुववृत्ताच्या वरच्या पट्ट्यात लोटले जातात. ऑक्सिजनचे हे आयन तर पृथ्वीच्याच वातावरणातून वर गेलेले असतात.

तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना सोडत नाही. आयन एका दिशेने आणि इलेक्ट्रॉन उलट दिशेने पृथ्वीभोवती सरकत राहतात. भारित कण सरकले की वीजप्रवाह तयार होतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या या प्रवाहाला ‘रिंग करंट’ म्हणतात. आपण त्याला कडी म्हणू.

ही कडी स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेला असतं. त्यामुळे वादळात जमिनीवरचं क्षेत्र कमी झालेलं दिसतं. ही घट नॅनोटेस्लामध्ये मोजतात. आपल्या भागात पृथ्वीचं क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे. १० आणि ११ मे २०२४ च्या मोठ्या वादळात घट सुमारे ४०० नॅनोटेस्लांवर गेली, म्हणजे साधारण एक टक्का. ऐकायला कमी वाटते, पण त्या रात्री लडाखच्या हानले इथून आकाशात लाल प्रकाश दिसला होता. ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच सर्वांत वरच्या श्रेणीचं, म्हणजे जी-५ वादळ नोंदलं गेलं.

मग वादळ शमतं कसं?

कडीतले आयन चुंबकीय क्षेत्रात अडकलेले असतात. बाहेर पडायला त्यांना वाट नाही, कारण भारित कणाला चुंबकीय क्षेत्र वळवतं. वाट मिळते ती भार गेल्यावर. इथे पळवापळवी कामाला येते.

पृथ्वीभोवती हायड्रोजनच्या तटस्थ अणूंचा अतिशय विरळ ढग आहे. त्याला ‘जिओकोरोना’ म्हणतात. सोहो यानाच्या जुन्या नोंदी तपासून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की, या ढगाची कड सुमारे ६ लाख ३० हजार किलोमीटरपर्यंत पोहोचते. म्हणजे चंद्रसुद्धा या ढगाच्या आतच फिरतो. कडीच्या भागात या ढगात एका घन सेंटिमीटरमध्ये हायड्रोजनचे फार तर काहीशे अणू सापडतात. आपण श्वास घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. त्या तुलनेत तो ढग म्हणजे जवळपास पोकळीच.

पण कडीतला आयन त्या पोकळीत सतत फिरत असतो. समजा, घन सेंटिमीटरमागे ३०० अणू आहेत आणि प्रोटॉनची ऊर्जा १० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. साधा भागाकार केला तर हा प्रोटॉन सरासरी चार कोटी किलोमीटर फिरल्यावर त्याला इलेक्ट्रॉन मिळतो. पृथ्वी ते चंद्र अंतराच्या शंभर पट. पण त्याचा वेग सेकंदाला चौदाशे किलोमीटर आहे. त्यामुळे एवढी पायपीट आठ-एक तासांत उरकते.

इलेक्ट्रॉन मिळाला की तो तटस्थ अणू होतो. चुंबकीय क्षेत्राची पकड सुटते आणि तो ज्या दिशेला तोंड होतं त्या दिशेला सरळ निघून जातो. मागे उरतो एक संथ प्रोटॉन. म्हणजे धनभारांची संख्या कडीत तेवढीच राहते, पण ऊर्जा निघून जाते. कडीचं बळ ऊर्जेत होतं. ती गेली की प्रवाह ढिला पडतो आणि जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र पूर्वपदावर येऊ लागतं.

आता वेगाचा नियम इथे लावून बघा. १ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनला इलेक्ट्रॉन सहजी सापडत नाही. त्याच ढगात, त्याच हिशेबाने त्याला आठवडाभर लागतो. म्हणून वादळ एकदम संपत नाही. आधी काही तासांत बरंच ओसरतं आणि मग उरलेलं दिवसेंदिवस रेंगाळतं. ऑक्सिजनच्या आयनांचं वेळापत्रक पुन्हा वेगळं असतं. कडीत कोणते आयन किती आणि कोणत्या ऊर्जेचे, यावर शमण्याचा वेग ठरतो.

पळवापळवी हे एकमेव कारण नाही, हेही सांगायला हवं. काही आयन सूर्याच्या बाजूने वाहून बाहेर जातात, काही लहरींमुळे वळून वातावरणात पडतात. पण कडीची ऊर्जा कमी करणाऱ्या मुख्य कारणांत इलेक्ट्रॉन कॅप्चरचा नंबर वरचा आहे.

हे बघितलंय का कुणी?

हो, आणि तेही कॅमेऱ्याने. कडीतून सुटलेले वेगवान तटस्थ अणू सरळ रेषेत जातात, अगदी प्रकाशासारखे. मग ते टिपून चित्र का काढू नये? नासाने मार्च २००० मध्ये ‘इमेज’ नावाचा उपग्रह सोडला. त्याच्यावर असे अणू टिपणारे कॅमेरे होते. त्यांनी वादळात कडी कुठे जाड आहे, कुठे पातळ आहे आणि ती कशी विरत जाते, याची चित्रं दिली. पळवापळवी होत नसती तर ही कडी आपल्याला अशी दूरवरून कधी दिसलीच नसती.

मुंबईतल्या कुलाब्याची नोंद

या विषयातली जगातली एक फार मोलाची नोंद महाराष्ट्रात झालेली आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लख्ख झोत पाहिला. साडेसतरा-अठरा तासांत त्याचा लोट पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली. तिथल्या बऱ्याच वेधशाळांच्या उपकरणांची मापंच अपुरी पडली.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. २ सप्टेंबरच्या सकाळी तिथल्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून, हाताने लिहून ती उलथापालथ टिपली. क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट. मे २०२४ च्या वादळाच्या चौपट. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्स लखिना आणि त्यांचे सहकारी, तसंच नासातले ब्रूस त्सुरुतानी यांनी या जुन्या नोंदी अभ्यासून २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून कॅरिंग्टन वादळ किती मोठं होतं, या चर्चेत कुलाब्याचा आकडा टाळता येत नाही.

पण त्या नोंदीत एक कोडंही आहे. ही प्रचंड घट काही तासांतच बरीचशी भरून निघाली. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे नुसत्या पळवापळवीने इतक्या लवकर कडी विरायला नको. मग ती सगळी घट कडीमुळेच होती का? की वातावरणाच्या वरच्या थरातल्या दुसऱ्या प्रवाहांचाही त्यात वाटा होता? की कडी वेगळ्याच वाटेने रिकामी झाली? यावर शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही. कोडं पडलं, कारण पळवापळवीचा वेग आपल्याला माहीत आहे. तो माहीत नसता तर इथे काही खटकतंय हेच कळलं नसतं.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्यात अचूक मोजणी करणं अवघड होणार होतं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. ती आजही काम करते.

बारामती-इंदापूरला याचं काय?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली, वीज. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास गेली. आपल्याकडे तसं होईल का? असा धोका ध्रुवांकडच्या प्रदेशांत जास्त असतो. महाराष्ट्र चुंबकीय विषुववृत्ताच्या बराच जवळ आहे. ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून, तिरुनेलवेलीच्या परिसरातून जातं. त्यामुळे ‘सौरवादळाने उद्या मोटारी बंद पडणार’ असे व्हॉट्सअॅप मेसेज बिनधास्त दुर्लक्ष करण्यासारखे आहेत.

दुसरी गोष्ट, उपग्रह. इथे मात्र आपला पट्टा जास्त नाजूक आहे. जीपीएसचे संदेश आयनांनी भरलेल्या वरच्या वातावरणातून खाली येतात. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना हा थर जास्त दाट आणि चंचल असतो, त्यामुळे साध्या दिवशीही संध्याकाळनंतर जागा दाखवण्यात चूक वाढू शकते. वादळात ती आणखी वाढते. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले आणि अनेक शेतकऱ्यांनी काम थांबवलं.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने ऊसशेतीत एआय वापरण्याचा प्रकल्प चालू आहे. त्यात उपग्रहांची चित्रं, जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्रं यांची माहिती एकत्र केली जाते. शेती जसजशी उपग्रहांवर टेकेल, तसतसा ‘वादळ कधी येणार’ इतकाच ‘वादळ कधी ओसरणार’ हा प्रश्नही महत्त्वाचा होईल. फवारणीचा ड्रोन किंवा जीपीएसवरचा ट्रॅक्टर थांबवायचा तर किती वेळ, याचं उत्तर तेव्हा कुणीतरी द्यायला लागेल.

आणखी एक गंमत. कडीतून सुटलेल्या तटस्थ अणूंपैकी काही खाली पृथ्वीकडेही येतात. चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ भारित कणांना सहज खाली येऊ देत नाही, पण या अणूंना ते अडवू शकत नाही. वरच्या वातावरणात शिरल्यावर टकरीत त्यांचा इलेक्ट्रॉन पुन्हा निसटतो आणि ते परत आयन होतात. जर्मनीचा पहिला उपग्रह ‘अझूर’ याला विषुववृत्ताच्या वर कमी उंचीवर असे प्रोटॉन सापडले होते आणि १९७२ मध्ये त्यांचं हेच स्पष्टीकरण दिलं गेलं. जमिनीवर त्यांचा काही त्रास नाही. शेकडो किलोमीटर वरच ते विरून जातात.

धूमकेतू आणि चंद्रावरही हेच

मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीच्या अगदी जवळून गेला. उत्तरेच्या आकाशात तो नुसत्या डोळ्यांना दिसत होता. जर्मनीच्या रोसॅट उपग्रहाने त्याच्याकडे पाहिलं आणि शास्त्रज्ञ चक्रावले, कारण धूमकेतूतून क्ष-किरण येत होते. क्ष-किरण म्हटलं की लाखो अंश तापमान असं गणित होतं. बर्फ आणि धुळीच्या गोळ्यातून ते कसे येणार?

उत्तर पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये टॉम क्रेव्हन्स यांनी दिलं. सौरवाऱ्यात ऑक्सिजन, कार्बनचे असे आयन असतात ज्यांचे जवळपास सगळे इलेक्ट्रॉन गेलेले असतात. धूमकेतूभोवतीच्या वायूतून जाताना ते इलेक्ट्रॉन पळवतात. पळवलेला इलेक्ट्रॉन आधी वरच्या पायरीवर बसतो आणि मग खाली उतरताना जास्तीची ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपात टाकतो. म्हणजे प्रकाश धूमकेतूकडून दिसला, पण ऊर्जा सूर्याकडून आलेल्या आयनाची होती.

भारताच्या चांद्रयान-१ वरच्या ‘सारा’ या उपकरणानेही असंच एक चकित करणारं निरीक्षण नोंदवलं. सौरवाऱ्यातले प्रोटॉन चंद्राच्या मातीत जिरून जातात, असा समज होता. प्रत्यक्षात त्यांच्यातले वीस टक्क्यांपर्यंत प्रोटॉन मातीतून इलेक्ट्रॉन घेऊन, हायड्रोजनचे तटस्थ अणू बनून परत उसळतात.

हे आकडे येतात कुठून?

‘इतक्या वेगाला इलेक्ट्रॉन मिळण्याची शक्यता इतकी’ हे अवकाशात जाऊन मोजत नाहीत. ते प्रयोगशाळेत मोजतात आणि कागदावर काढतात. मुंबईत कुलाब्यालाच असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये पेलेट्रॉन नावाचा कणत्वरक आहे. तिथे आयनांचे झोत अणूंवर आणि रेणूंवर सोडून काय होतं याचा अभ्यास होतो. १८५९ चं वादळ ज्या कुलाब्यात मोजलं गेलं, त्याच भागात आज वादळातल्या आयनांसारख्या टकरी अभ्यासल्या जातात.

दुसरा रस्ता गणिताचा. क्वांटम भौतिकीची समीकरणं घेऊन शक्यता काढायची आणि प्रयोगाशी ताडून बघायची. १९२८ मध्ये ओपनहायमर यांनी आणि १९३० मध्ये ब्रिंकमन-क्रेमर्स या जोडीने पहिली सूत्रं मांडली. ती सोपी होती, पण उत्तर खऱ्यापेक्षा बरंच जास्त यायचं. त्यानंतरची सगळी धडपड ही तफावत कमी करण्याची आहे. दोनच केंद्रकं आणि एकच इलेक्ट्रॉन, तरी हे कोडं कागदावर पूर्णपणे सुटत नाही, कारण तीन जण एकाच वेळी एकमेकांना ओढत-ढकलत असतात.

आणि हे काम करायला महागडं यंत्रच लागतं असं नाही. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा इंदापूरच्या कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासात हायड्रोजनचा अणू असतोच. एक साधा संगणक, मोफत मिळणारी प्रोग्रॅमिंगची साधनं आणि हायड्रोजनच्या अणूचं हे गणित एवढ्यावर पहिल्या सूत्राचं उत्तर काढता येतं आणि ते प्रयोगाशी का जुळत नाही, हेही तपासता येतं.

सध्या सूर्यावर नजर ठेवायला भारताचं स्वतःचं यान आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेलं आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. पुण्याच्या आयुका संस्थेने त्याच्यावरची सूर्याची अतिनील चित्रं टिपणारी दुर्बीण बनवली आहे. मे २०२४ च्या वादळाच्या खुणा या यानानेही टिपल्या. लोट निघाला, तो इतक्या वेगाने येतोय, हे आता आधी कळू शकतं. तो आदळल्यानंतर कडी किती दिवस टिकणार, याचा अंदाज मात्र अजून कच्चा आहे. तो पक्का करायचा तर कडीत कोणते आयन आहेत, ढगात अणू किती आहेत आणि त्यांच्यातली पळवापळवी नेमक्या किती वेगाने होते, हे तिन्ही आकडे हाताशी हवेत. यातला तिसरा आकडा कागदावर आणि प्रयोगशाळेतच मिळतो.